सोमवारची थैली

सभागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीने आण्णांना विचारलं, "आजोबा, तुम्ही मॅडमना ओळखता का?" तिच्या गळ्यात आयोजकांचं कार्ड होतं, हातात नावांची यादी होती आणि बोलणं अगदी अदबीचं होतं. कार्यक्रम संपल्यावर आत भेटायला जाणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव नव्हतं, तेव्हा तिने विचारणं बरोबरच होतं. आण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "व्हय. ओळखतो की." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. रेणुका शहाणे आणि माझे वडील आयुष्यात कधी समोरासमोर आलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझे वडील खोटं बोलत नाहीत, हेही ठाऊक होतं. पोस्टाच्या रोजच्या हिशेबात दहा पैशांचा मेळ बसेना म्हणून रात्री कंदील लावून बसलेले आण्णा मी पाहिलेत. तोच माणूस पुण्यातल्या एका अनोळखी मुलीला इतक्या सहज 'ओळखतो' म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं की संकोच वाटला, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. आण्णा तिथल्या शाखा डाकघराचे पोस्टमास्तर होते. अशा पोस्टाला खात्याची इमारत नसे. जागा पोस्टमास्तरनेच द्यायची, आणि ती बहुधा त्याच्या राहत्या घरात असायची. आमच्या घराचा पुढचा सोपा म्हणजे पोस्ट. एक लाकडी टेबल, खाली लोखंडी पेटी, टेबलावर तारखेचा शिक्का, शाईचं पॅड, डिंकाची बाटली, लाखेच्या कांड्या आणि सुतळीचा गुंडा. दाराबाहेर भिंतीला लाल पत्रपेटी. दुपारी थैली बंद करायची वेळ झाली की लाख वितळवल्याचा जळकट, थोडा गोडसर वास माजघरापर्यंत यायचा आणि आई म्हणायची, "चला, सायकल निघायची येळ झाली." थैलीचं तोंड सुतळीने आवळून त्यावर मोहर उठवली की टपाल नेणारे काका ती सायकलला बांधून दहिवडीच्या रस्त्याला लागत. शिक्का मारण्याची आण्णांची एक लय होती. पॅडवर एकदा, कार्डावर एकदा, पुन्हा पॅडवर. त्या आवाजावर मी लहानपणी अनेकदा झोपले आहे.

याच सोप्यात, पोस्टाच्या टेबलाच्या वरच्या फळीवर, आमचा टीव्ही आला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोक्याचा, पुढे सरकती दारं असलेला. आळीत तो पहिला नव्हता, पण पोस्टाचं दार सगळ्यांना उघडं असायची सवय होती, म्हणून माणसं आमच्याकडेच जमायची. घराच्या आढ्यावर अँटेना. वारा सुटला की कुणीतरी वर चढायचं, खालून ओरडायचं, "आलं... गेलं... ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!" रविवारी रात्री दूरदर्शनवर 'सुरभि' हा कार्यक्रम लागायच्या आधी पोरं टेबलाखाली, बाया उंबऱ्याच्या आत, म्हातारी माणसं भिंतीला टेकून. पोस्टाची पेटी बसायला चालायची, पण टेबलावर कुणी हात ठेवायचा नाही, हा आण्णांचा दंडक. ते सरकारी टेबल.

सुरभि १९९० साली सुरू झालं होतं. आमच्या सोप्यात ते पोहोचलं ते पुढे तीन-चार वर्षांनी. एल. सुब्रमण्यम यांच्या व्हायोलिनचा तो वर वर चढत जाणारा सूर सुरू झाला की पोरांचा कालवा आपोआप थांबायचा. कार्यक्रम सादर करणारे सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे बसलेले दिसायचे. काक यांचा शांत, अभ्यासू आवाज आणि त्यांच्या शेजारी रेणुका शहाणे यांचं ते सगळा चेहरा उजळवणारं हसू. मग कुठल्यातरी राज्यातले विणकर, कुठल्या देवळाच्या भिंतीवरची चित्रं, बाहुल्या नाचवणारी घराणी, बोटींवर राहणारी माणसं. माणसारख्या तालुक्यात, जिथे मेंढ्यांचे कळप चाऱ्यासाठी महिनोन्महिने परमुलखात जातात, तिथे देश मोठा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो देश आपल्याला काहीतरी दाखवायला रविवारी रात्री येतो, हे नवं होतं. हिंदी अर्धीमुर्धी कळायची. आण्णा मधेमधे सांगायचे. ती बाई मराठी आहे, आपल्याकडची आहे, याचा सगळ्यांना इतका अभिमान होता की तिच्या हिंदी बोलण्यातसुद्धा माणसं ओळखीचा हेल शोधत बसायची.

शेवटी दोघं हात जोडायचे तेव्हा माझी आजीही हात जोडायची. ती बातम्या देणाऱ्यांनाही उलटा नमस्कार करायची आणि बातम्या द्यायला पुरुषमाणूस असला तर डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. तिला टीव्ही म्हणजे काय हे कळत नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तिला एवढंच कळत होतं की कुणी आपल्याकडे बघून नमस्कार केला तर तो तसाच हवेत सोडून द्यायचा नसतो. 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा आळीतल्या बाया फलटणला जाऊन बघून आल्या आणि सोप्यात बसून आजीला सांगायला लागल्या की सुरभितली बाई जिन्यावरून पडून गेली. आजीने तोंडाला पदर लावला. पुढच्या रविवारी रेणुका शहाणे नेहमीसारख्या हसत समोर आल्या तेव्हा ती कितीतरी वेळ एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "बरी हाय गं बया." त्या रात्री तिने नमस्कार जरा जास्तच वाकून केला.

पण आण्णांचं सुरभि रविवारी संपायचं नाही. ते सोमवारी सुरू व्हायचं.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न विचारला जायचा आणि उत्तर पोस्टकार्डावर कळवायचं असायचं. बरोबर उत्तरं देणाऱ्यांतून निवडलेल्यांना देशात कुठेतरी फिरायला पाठवायचे. तेव्हा कार्ड १५ पैशांना होतं. सोमवारी शाळेच्या आधी पोरं सोप्यात हजर. कुणाच्या मुठीत दहा आणि पाचचं नाणं, कुणाकडे चार आण्याचं, कुणाकडे नुसती आशा. आण्णांकडे कार्डांचा साठा बेताचाच असायचा. जास्त लागली तर दहिवडीच्या पोस्टातून मागवायची. सुरभिमुळे ते आठवडाभर आधीच मागणी लिहून पाठवायला लागले. ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्या कार्डाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून पेटीत टाकत आणि तसं करताना आईकडे बघत नसत. पोस्टमास्तरचा भत्ता तो केवढा. पोट शेतावर, आणि शेत पावसावर.

कार्ड कसं लिहायचं हे मात्र ते उभं राहून शिकवत. उत्तर एका ओळीत लिहा. अक्षर सुटं काढा. नाव पूर्ण लिहा, बापाच्या नावासकट. मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन. पिन विसरला तर कार्ड परत पोराच्या हातात. "तू कोण हायेस ते तिकडं कसं कळायचं? पिन बघून कळंल," असं म्हणायचे. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतचे मोठे पंडित होते, हे मी शाळेत नाही, आमच्या सोप्यात शिकले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि आमच्याकडे ७२ साल म्हटलं की लोकांना यातलं काहीच आठवत नाही, दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेली माणसं आठवतात, सुकडी आठवते. आण्णाही त्या कामावर जाऊन आले होते. म्हणून असेल, पण पिनचे ते सहा आकडे लिहिताना त्यांचा हात किंचित सावकाश चालायचा. ४ म्हणजे आपला पश्चिमेचा भाग, पुढचे १ आणि ५ धरले की सातारा, शेवटचे तीन म्हणजे आपलं पोस्ट. दुष्काळी तालुक्यातल्या कोपऱ्यातल्या गावाला देशाने एक क्रमांक दिलाय आणि तो लिहिला की पत्र चुकत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती.

आईचं मन मात्र मला कधी नीट कळलं नाही. उन्हाळ्यात टँकर यायचा तो कुठल्या वेळी येईल याचा नेम नसे. रविवारी रात्री उशिरा टँकर आला की बाया हंडे-कळशा घेऊन धावायच्या आणि सोप्यात फक्त बाप्ये आणि पोरं उरायची. आई दोन खेपा करून आली की दाराशी उभी राहून, पदराने मान पुसत, टीव्हीकडे बघायची. एकदा म्हणाली, "तिचं हसणं चांगलंच हाय. तिला पाणी आणायचं नसंल." आण्णा काही बोलले नाहीत. मी आण्णांच्या बाजूची होते, त्यामुळे मला आईचा राग आला. त्यानंतर कित्येक वर्षं मला आईचं ते वाक्य खरं आणि आण्णांचा आनंदही खरा वाटत राहिला, आणि दोन्ही एका घरात कसं मावत होतं याचं नवल वाटत राहिलं. आण्णा घरात फारसे हसत नसत. रविवारी हसायचे. आईने ते पाहिलं नसेल असं कसं म्हणू?

१९९३ मध्ये सुरभिकडे एका आठवड्यात १४ लाखांच्या वर पत्रं आली, त्याची नोंद लिम्काच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. कार्यक्रमात पत्रांचे ढीग दाखवायचे. ते ढीग बघताना बाकी सगळे कुणाचं नाव निघतंय याकडे कान लावून असायचे आणि आण्णा ढिगाकडे बघत असायचे. १४ लाख हा आकडा त्यांना कळला तेव्हा त्यांनी हिशेब केला: सगळी पोस्टकार्डं धरली तर २ लाख १० हजार रुपयांचा तिकिटाचा धंदा, आणि १४ लाख शिक्के. "कुणीतरी मारलं असतील ना गं येवढं शिक्कं," ते म्हणाले. गावोगावच्या सोप्यांतून, लाल पेट्यांतून, सायकलवरच्या थैल्यांतून एका आठवड्यात एका पत्त्यावर गेलेली ती कार्डं त्यांना दिसत होती. मला वाटतं, देश त्यांना सुरभितल्या देवळांत आणि नाचांत दिसला त्यापेक्षा त्या ढिगात जास्त दिसला.

आमच्या गावाचं नाव कधीच निघालं नाही.

पोरं दर सोमवारी तरीही येत राहिली. मग स्पर्धांच्या उत्तरांसाठी खात्याने वेगळं पोस्टकार्ड काढलं, २ रुपयांचं. साधं कार्ड पोचवायला त्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो, ते गरिबाला खुशाली कळवता यावी म्हणून स्वस्त ठेवलेलं असतं, आणि स्पर्धांची लाखो कार्डं त्यावरच जायला लागली तर खात्याने ते कसं पेलायचं, हे आण्णांनी पोरांना टेबलाशी उभं करून समजावलं. त्यांना तो निर्णय मनापासून पटला होता. पण २ रुपये म्हणजे पोरांच्या हिशेबात फार. सोप्यातली गर्दी पातळ झाली. आता चार-पाच पोरं मिळून एक कार्ड घ्यायची आणि नाव कुणाचं टाकायचं यावर बाहेर ओट्यावर भांडायची. आण्णांनी तोडगा काढला की नाव पाळीपाळीने टाकायचं, आणि पाळीची यादी पोस्टाच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून खिळ्याला लावली. ती यादी बरीच वर्षं भिंतीवर होती, सुरभि बंद झाल्यावरही. २००१ ला ते संपलं तेव्हा चारशेच्या वर भाग झाले होते, आणि तोवर आमच्याकडे रंगीत टीव्ही, केबल, सगळं आलं होतं. यादीतली पोरं मिशा फुटून पुण्या-मुंबईला लागली होती.

त्यानंतरच्या काळात टीव्हीवरची माणसं घरी यायला लागली. २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि आदेश बांदेकर सगळ्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. दारात रांगोळी, सासू-सुनांचे खेळ, शेवटी पैठणी. माझ्या सासूबाई त्या कार्यक्रमाच्या वेळी फोन उचलत नसत. मला तो आवडायचा, कारण ज्या बाईकडे घरातही कुणी नीट वळून बघत नाही तिचं नाव, माहेर, लग्नाची गोष्ट कुणीतरी आस्थेने विचारतंय, हे बघताना डोळे भरून यायचे. आण्णांना त्याचं विशेष वाटत नव्हतं. त्यांना वाटायचं, पाहुणा घरी आला की त्याचं आपण करतो, मग आपलं त्याच्याकडे काही जात नाही. सुरभित आपलं काहीतरी तिकडे जात होतं. हे ते अशा शब्दांत म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात पत्र कुठं टाकायचं?"

आण्णा पासष्टीला पोस्टातून मोकळे झाले. पेटी, शिक्का, काटा नव्या पोस्टमास्तरच्या घरी गेला. सोप्यात आता माझ्या भावाच्या खतांच्या गोण्या असतात. आई गेली, त्यालाही आता वर्षं झाली. आणि मग एके दिवशी त्यांनी फोनवर विचारलं की पुण्यात रेणुका शहाणे यांचा कार्यक्रम आहे असं पेपरात आलंय, ते किती लांब आहे तुझ्या घरापासून. मी म्हटलं, आण्णा, गर्दी असेल, लांबूनच बघायला मिळेल. ते म्हणाले, "लांबूनच बघितलंय. आता जवळनं बघू." माझ्या वडिलांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. मी त्यांना आणायला गावी गेले.

एसटीने निघालो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं, तेव्हा दोघांचं मिळून अर्ध्या तिकिटात भागलं आणि आण्णांनी कंडक्टरकडून ते शून्य रुपयांचं तिकीट मागून घेऊन खिशात नीट घडी करून ठेवलं. मोगराळ्याचा घाट उतरताना ते खिडकीतून खाली फलटणकडचा हिरवा पट्टा बघत होते. पाण्याचा प्रदेश सुरू झाला की माणदेशी माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, हेवा नव्हे, पण काहीतरी. लोणंद, नीरा, जेजुरी. सासवडला त्यांनी पिशवीतून इस्त्रीचा सदरा काढून मांडीवर घेतला, घडी मोडू नये म्हणून. त्यांनी मला विचारलं की भेटल्यावर काय म्हणायचं असतं. मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते म्हणा. "मोठी माणसं हायती, त्यांचा येळ खायचा न्हाई. एकच वाक्य बोलायचं." दिवे घाट उतरेपर्यंत त्यांचे ओठ अधूनमधून हलत होते. ते वाक्य जुळवत होते आणि मी त्यांना विचारलं नाही. मला एकाएकी भीती वाटायला लागली होती. टीव्हीवर ती बाई सगळ्यांकडे एकदम बघते, आणि म्हणूनच प्रत्येकाला वाटतं की ती आपल्याकडे बघतेय. समोर आल्यावर ती फक्त एकाकडे बघेल, आणि तो एक तिला कोण म्हणून दिसेल? टोपीवाला एक म्हातारा, पन्नासातला एक.

सभागृहात आम्हाला मागची जागा मिळाली. बोलणं चित्रपटांवर झालं, त्यांच्या दिग्दर्शनावर, 'रीटा'वर, 'त्रिभंग'वर, त्यांच्या आई शांता गोखले यांच्या लेखनावर. आण्णांनी यातलं काही पाहिलं-वाचलेलं नव्हतं, तरी एक शब्द सुटू न देता ऐकत होते. केसांत चंदेरी छटा आली होती, आवाज तोच होता. सुरभिचा विषय निघाला तेव्हा सभागृहात जी कुजबुज उठली ती ऐकण्यासारखी होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या, माझ्याच वयाच्या एका बाईने शेजारणीचा हात धरला. म्हणजे आम्ही एकटे नव्हतो. त्या सभागृहात सोमवारची बरीच पोरं बसलेली होती, इतकी वर्षं एकमेकांना न भेटलेली.

शेवटी दाराशी तो प्रसंग झाला आणि त्या मुलीने, का कोण जाणे, आम्हाला आत सोडलं. रांग होती. लोक फोटो काढत होते. मीही फोन हातात धरून तयार होते. आण्णांची पाळी आली. ते पुढे झाले, हात जोडले आणि ताठ उभे राहून बोलायला लागले. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग मुक्काम पोस्ट. मग तालुका माण, जिल्हा सातारा. मग पिन, सहाच्या सहा आकडे, सुटे सुटे. आणि थांबले. एवढंच. त्यांना जे वाक्य म्हणायचं होतं ते आलंच नाही. मागून गलका होता, मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला दिसलं ते इतकंच की रेणुका शहाणे ऐकायला किंचित वाकल्या होत्या, पत्ता पूर्ण होईपर्यंत तशाच राहिल्या, आणि मग त्यांनी हात जोडले. फोटो काढायचा राहून गेला. आण्णा वळले तेव्हा त्यांचा चेहरा, थैलीवर मोहर नीट उठल्यावर व्हायचा तसा झाला होता.

रात्री घरी ते लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी स्वारगेटला गाडी उशिरा लागणार होती, तिथे बाकावर चहा पिताना मी विचारलं, "आण्णा, काय म्हणायचं ठरवलं होतं?"

ते बराच वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले. मग म्हणाले, "सांगायचं व्हतं की आमच्या पोस्टातनं तुमची थैली एका बी सोमवारी चुकली न्हाई."

मला आठवलं. एक सोमवार होता, मुसळधार पावसाचा, आमच्याकडे क्वचितच येतो तसला. टपाल नेणारे काका आजारी होते. घरात आईही तापाने फणफणली होती, मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. आणि आण्णांनी थैली प्लॅस्टिकच्या पोत्यात गुंडाळली, सायकल काढली आणि दहिवडीला निघून गेले. अंधार पडल्यावर चिखलाने माखून परत आले. मला तो राग कितीतरी वर्षं होता. आई अंथरुणावर असताना हा माणूस कुणाच्या तरी कोड्यांची उत्तरं पोचवायला गेला. मी ते त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. स्वारगेटच्या बाकावर ते माझ्या तोंडातून निघालं. म्हटलं, "आईला ताप होता त्या दिवशी."

"व्हय, लई व्हता. मी जाणार न्हवतो. म्हटलं, उद्या जाईल थैली, एक दिवसानं काय बिघडतंय. तिनंच घालवला मला. म्हणाली, पोरांनी पैसं दिल्यात. उठून बसली व्हती, तुला आठवत न्हाई?"

मला आठवत नव्हतं. मी पट्ट्या भिजवायला आत गेले असेन.

"आन् तिचं बी कार्ड व्हतं त्यात," आण्णा म्हणाले. "तिनं उत्तर सांगितलं, मी लिवलं. सही तिनं केली. लई नादाची व्हती ती. दर वक्ताला न्हाई, पण उत्तर यायचं तवा टाकायला लावायची. तुम्हा पोरांस्नी सांगू नगा म्हणायची."

मग ते पुढे बोलत राहिले. पाळीच्या यादीतलं कोण कुठे आहे ते सांगत राहिले. वरच्या आळीतला एक फौजी झाला, एक मुलगी लोणंदला शाळेत बाई आहे, माळावरची दोघं भावंडं पनवेलला ट्रकवर. सगळ्यांची उत्तरं बरोबर असायची, असं ते ठामपणे म्हणाले, कारण चुकीचं उत्तर दिसलं तर ते कार्ड विकण्याआधीच पोराला पुन्हा विचार करायला लावत. गाडी लागली. मी त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली, पिशवी मांडीवर ठेवली. गाडी सुटायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं की रेणुका शहाणे यांना पत्र पाठवायचं झालं तर पत्ता कुठे मिळेल. मी म्हटलं, बघते, आयोजकांकडे विचारते. "बघ. आन् अंतर्देशीय दोन घेऊन ठेव," ते म्हणाले, "कार्डात मावायचं न्हाई. तुझ्या आईचं पण लिवायचं हाय."